दोन इंचांची तार

सर्व्हिस इंजिनिअर हे नाव कार्डावर छापलं की भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात माझी निम्मी नोकरी लोकांच्या टेबलांखाली ओणवं राहण्यात गेली. नव्वदच्या दशकात बेंगळुरात कंप्यूटर दुरुस्त करणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर बहुधा त्याची पाठ आणि बूटच पाहिले असतील. तोंड भिंतीकडे, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि वरून कुणीतरी दर पाच मिनिटांनी विचारतंय, "अजून किती वेळ हो?"

मी मूळचा निपाणीचा. बसवनगुडीतल्या एका लहानशा कंपनीत लागलो. आम्ही कंप्यूटर आणि प्रिंटर विकायचो आणि नंतर त्यांची बाळंतपणं करायचो. त्यातही माझ्याकडे तारा जोडायचं काम जास्त. हल्ली कुठलीही वस्तू कुठेही खुपसली की आपोआप ओळख होते. तेव्हा तसं नव्हतं. कंप्यूटरच्या पाठीला दोन तऱ्हेची तोंडं असायची, पॅरलल आणि सीरियल. पॅरललमध्ये एका अक्षराचे आठ ठोके आठ तारांतून एकदम जायचे. काम झटपट, पण केबल मनगटाएवढी आणि दहा-बारा फुटांपलीकडे तिचा भरवसा नाही. सीरियलमध्ये तेच ठोके एकाच तारेतून एकामागून एक जायचे. वेग कमी, पण तार बारीक, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत खुशाल न्यावी.

सीरियलचं एक मानक होतं. पंचवीस पिना, आणि कुठली पिन कशासाठी ते कागदावर व्यवस्थित छापलेलं. प्रत्येक कंपनीने तो कागद आपापल्या सोयीने वाचलेला होता, त्यामुळे एकाचा प्रिंटर दुसऱ्याच्या कंप्यूटरशी सरळपणे बोलेल तर शपथ. त्यातल्या काही पिना माल, म्हणजे अक्षरं, नेत नसत, नुसती विचारपूस करत. कंप्यूटर विचारायचा, पाठवू का? प्रिंटर म्हणायचा, पाठव. प्रिंटरच्या पोटात थोडीशी जागा असे, तेवढी अक्षरं तो साठवून ठेवी. पोट भरलं की तो म्हणायचा, थांब. हे थांब म्हणणं ज्या तारेतून जायचं ती तार सगळ्यांत महत्त्वाची, आणि दमून भागून चौथ्या कॉलवर गेलेला इंजिनिअर नेमकी तीच गाळायचा.

कारण आमच्याकडे एक युक्ती होती. कनेक्टरचं झाकण उघडायचं, दोन इंचांची तार घ्यायची आणि विचारायची पिन तिथल्या तिथे उत्तराच्या पिनेला डाग देऊन जोडून टाकायची. आता कंप्यूटरने विचारलं, पाठवू का, की त्याचाच प्रश्न वळून त्याच्याकडे हो म्हणून परत यायचा. विचारणाराही तोच, हो म्हणणाराही तोच. पलीकडे प्रिंटर बोंबलत असला तरी ऐकायला कुणी नाही. एक पान छापून बघायचं, ग्राहकाची सही घ्यायची आणि पुढच्या कॉलला निघायचं. दोन तासांचं काम मी वीस मिनिटांत उरकतो म्हणून ऑफिसात माझी वाहवा व्हायची. मलाही ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

बसवनगुडीतच डॉक्टर सुमतींची रक्त तपासायची लॅब होती. बाई पन्नाशीच्या, कन्नड बोलणाऱ्या, शिस्तीच्या. त्यांच्या आतल्या खोलीत तपासणीचं टेबल आणि कंप्यूटर, बाहेर काउंटरवर प्रिंटर. मध्ये जाड भिंत. म्हणून सीरियल. एस. पी. रोडवरच्या बाजारातून मी चार पदरांची तार आणली आणि भिंतीतल्या जुन्या पाइपातून ओढली. ओढताना एक पदर आत कुठेतरी तुटला. उरले तीन. माल न्यायला, आणायला आणि जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, एवढ्यात संपले. थांब म्हणायला पदर उरला नाही.

पुन्हा तार आणून पुन्हा ओढायची म्हणजे दुपार गेली असती. मी झाकण उघडलं, दोन इंचांची तार लावली. एक पान छापलं. सुरेख आलं. डॉक्टरांनी सही केली.

लॅबमध्ये रक्त घेण्यापासून रिपोर्ट टाइप करण्यापर्यंत सगळं बघायच्या त्या शांतक्का. चिकपेटेतल्या जुन्या मराठा घरातल्या. चार पिढ्या बेंगळुरात गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज यायचं. मी मराठी बोलतो कळल्यापासून मला कॉफीशिवाय सोडत नसत. तपासणीचे आकडे आधी हाताने वहीत लिहायचे, मग कंप्यूटरात घालायचे, छापलेल्या कागदावर डॉक्टरांची सही घ्यायची, अशी त्यांची पद्धत.

चार-पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला. "पाटील, कागदावर अक्षरं इकडंतिकडं होतात हो. डॉक्टर मला बोलतात. स्वल्प येऊन बघता का?"

मी म्हणालो, "टाइप करताना होत असेल, अक्का. एकदा प्रिंटर बंद करून चालू करा."

"सरी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा माझं तेच उत्तर. तिसऱ्या वेळी त्यांनी रिबन फिकी झाल्याची तक्रार केली, तेव्हा कुठे मी गेलो.

सकाळचे अकरा वाजले असतील. काउंटरवर रिपोर्टांच्या दुसऱ्या प्रतींचा गठ्ठा होता. रिबन बदलता बदलता माझी नजर त्यावर गेली. प्रत्येक रिपोर्टच्या तळाला आडव्या रेघांची एक ओळ छापली जायची. ती प्रोग्रॅममध्येच होती, कुणी टाइप करत नसे. गठ्ठ्यातल्या वरच्या काही कागदांवर ती ओळ उजवीकडे सारखी संपत होती. खालच्या काही कागदांवर ती आखूड होती. एका ठिकाणी एका रेघेने, एका ठिकाणी दोन.

हातातली रिबन मी खाली ठेवली.

मग मी आकडे बघितले. सगळ्या आकड्यांचे दशांशाचे ठिपके एकाखाली एक यायला हवेत. बहुतेक येत होते. पण मधूनच एखाद्या ओळीतला ठिपका एक घर डावीकडे सरकलेला. म्हणजे त्या ओळीतलं काहीतरी वाटेत सांडलं होतं.

"अक्का, रिपोर्ट एकेक छापता की सगळे एकदम?"

"आधी एकेक. आता आरोग्य शिबिराचं काम आलंय न्हवे, तीन आठवडे झाले. चार वाजता सगळे एकदम सोडते. का हो?"

सांगण्यासारखं खूप होतं. एकेक रिपोर्ट जाई तोवर प्रिंटरचं पोट भरायच्या आत तो छापून मोकळा व्हायचा. तीस रिपोर्ट एकदम सोडले की पोट भरायचं, प्रिंटर थांब म्हणायचा आणि माझी दोन इंचांची तार म्हणायची, पाठव. मी वेग मुद्दाम कमी ठेवला होता, म्हणून कागदभर घाण न होता अधूनमधून एकच अक्षर गळायचं. घाण झाली असती तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

"तार आणतो," असं पुटपुटत मी बाहेर आलो आणि स्कूटरपाशी उभा राहिलो. नवी तार ओढायची, कुणाला काही न बोलता निघून जायचं, हे शक्य होतं. आजपासून सगळे रिपोर्ट बरोबर आले असते. आधीच्या गोंधळाचं खापर शांतक्कांच्या टायपिंगवर फुटलेलंच होतं, आणि ते फोडायला मीही हातभार लावला होता. मी स्कूटरला किक मारली. दोन वेळा मारली. मग बंद करून आत गेलो. यात मोठेपणा काही नव्हता. मला फक्त कळत होतं की त्या गठ्ठ्यात काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

डॉक्टरांना मी कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रिकामी जागा गळू शकते, तसा आकडाही गळू शकतो?"

"हो मॅडम."

"कागद बघून ओळखता येतं?"

"नाही. दोन्हीत ठिपका सारखाच सरकतो. वही बघावी लागेल."

शांतक्का माझ्याकडे बघत होत्या. मराठीत एवढंच म्हणाल्या, "आणि तीन आठवडे मी बोलणी खाल्ली." मी गठ्ठा पुढे ओढला.

बाहेरचं दार लोटून आम्ही बसलो. मी प्रत बघायचो, ठिपका सरकलेली ओळ आली की नाव सांगायचो, शांतक्का वहीतून आकडा वाचायच्या. पहिलं नाव. हिमोग्लोबिन कागदावर ११.४, वहीत ११.४. रिकामी जागा गेली होती. दुसरं नाव, तेच. तिसरं, तेच. प्रत्येक वेळी मी श्वास धरायचो आणि सोडायचो. मग एक साखर निघाली, कागदावर १२.० आणि वहीत ११२.०. डॉक्टर म्हणाल्या, "हा माणूस भांडत आला होता. आपण पुन्हा तपासली." साखर बारा असलेला माणूस बेशुद्ध पडलेला असतो, भांडायला येत नाही, हे कुणालाही कळतं. मला भीती दुसऱ्याच आकड्याची होती, जो चुकलेला असूनही बरोबर दिसतो.

तो आदल्या दिवशीच्या गठ्ठ्यात निघाला. मल्लिनाथ यांचं बाळ, वय पाच दिवस. काविळीची तपासणी. माझ्या हातातल्या कागदावर ८.२.

शांतक्कांनी वहीवर बोट ठेवलं. "अठरा पॉइंट दोन," त्या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा वाचलं, "अठरा."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं. एवढ्या लहान बाळाला आठ म्हणजे काळजी नाही, घरी न्या, ऊन दाखवा. अठरा म्हणजे ताबडतोब हॉस्पिटलात, निळ्या दिव्याखाली. कावीळ आणखी चढली तर ती मेंदूत जाते, आणि गेलेलं परत येत नाही. "सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "सकाळी वही बघितली तेव्हा हा आकडा आला नव्हता. संध्याकाळी न बघता सह्या केल्या." त्यांचा हात फोनकडे गेला. बाळाला पाठवणाऱ्या नर्सिंग होमने सांगितलं, रिपोर्ट चांगला होता म्हणून काल घरी सोडलं, आठ दिवसांनी बोलावलंय. पत्ता एवढाच, के. आर. पुरम, रेल्वे क्वार्टर्सच्या मागचं वठार. घरात फोन नाही.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुम्ही बाळाला ओळखणार कसं?" शांतक्कांनी पदर खोचला. "टाचेतून रक्त मीच काढलंय. चला."

बसवनगुडी ते के. आर. पुरम म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. शांतक्का स्कूटरवर माझ्या मागे बसल्या. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी निघाली ती संपेचना. मी डबे मोजत होतो आणि मागून शांतक्का कन्नडमध्ये देवाचं नाव घेत होत्या.

वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीने भाड्याच्या खोल्या. तिसऱ्या खोलीच्या दारात एक विशीतली मुलगी बसली होती, मांडीवर दुपट्यात बाळ. तिचं नाव सुनंदा. नवरा रेल्वेत, कामावर गेलेला. ही माणसं सीमेवरच्या आळंदकडची निघाली, मराठी बोलणारी. आम्ही मराठीत बोलतोय म्हटल्यावर ती आधी खूशच झाली.

"बाळ कसं आहे?" शांतक्कांनी विचारलं.

"लई गुणाचं हाय. कालपासून रडतच न्हाई. दूध बी नको म्हणतंय, निस्तं झोपतंय."

शांतक्कांनी वाकून बाळाच्या पायाचा तळवा दाबून बघितला आणि माझ्याकडे वर पाहिलं. मला काविळीतलं कळत नव्हतं, पण तो तळवा हळदीत बुडवून काढल्यासारखा होता.

सुनंदाच्या ते लक्षात आलं. "मी म्हणलं हुतं की," ती घाईघाईने म्हणाली. "डोळं पिवळं दिसत्यात म्हणलं रात्री. ह्यांनी कागद दावला. म्हणलं, तुला काय कळतंय, कंप्यूटरनं आठ सांगितलंय." फडताळातून काढून तिने तो कागद माझ्यापुढे धरला. घडी न घालता जपून ठेवला होता.

रिक्षा मिळाली. सुनंदा आणि शांतक्का बाळाला घेऊन पुढे, मी मागून. हॉस्पिटलात पुन्हा तपासलं, कावीळ बावीसच्या वर गेली होती. बाळाचं रक्त बदलावं लागलं. नवजात मुलाचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. संध्याकाळी मल्लिनाथ कामाच्या कपड्यांनिशी धावत आला. तिसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. पुढे म्हणाले, काविळीचा परिणाम कानांवर होतो कधीकधी. आता कळणार नाही. पाच-सहा महिन्यांनी आवाजाकडे वळून बघतोय का, ते बघा.

त्या व्हरांड्यात मल्लिनाथने मला विचारलं, "कागद चुकला कसा वो साहेब?"

"मशीनमध्ये फॉल्ट होता," मी म्हणालो.

त्याने माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही देवासारखं आला बगा." मी हात सोडवून घेतले नाहीत. बारा-तेरा कंपन्यांच्या मशीनमधले दोष मी जन्मभर शोधले. त्या मशीनमध्ये दोष नव्हता, एवढं एक वाक्य मला तिथे बोलता आलं नाही.

बारशाला त्यांनी मला बोलावलं. मी गेलो, मानाने पाटावर बसवून घेतलं, पेढा खाल्ला. तो पेढा आठवला की अजून तोंड कडू होतं. डॉक्टर सुमतींनी माझ्या कंपनीला काही कळवलं नाही. मी त्यांच्याकडे नवी तार ओढली, सहा पदरांची, आणि तीस रिपोर्ट एकदम सोडून वहीशी ताडून दाखवले. माझी तसली तार लावलेले दोन-तीन दवाखाने आठवले, तिथलीही बदलली. बाकीची ठिकाणं म्हणजे गोदामं, कापडाचे व्यापारी, वजनकाटे. तिथे एखादं अक्षर गळलं तर काय बिघडतं, असं मी स्वतःला विचारलं आणि काही नाही, असं मीच सांगितलं.

सहा महिने मी दिवस मोजत होतो. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. शेजारच्या मुलाने हाक मारल्यावर वळून बघितलं नाही तरी मला धस्स व्हायचं. शेवटी एका रविवारी सकाळी मी के. आर. पुरमला गेलो. मल्लिनाथ ड्यूटीवर होता. बाळ चटईवर बसलं होतं, उशीचा टेकू दिलेलं, एक वाटी जमिनीवर आपटत.

"एक बघू का?" असं सुनंदाला विचारून मी त्याच्या पाठीमागे गेलो. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि हलवला.

ते वळलं नाही.

सुनंदा म्हणाली, "वाटीचा नाद हाय त्याला. थांबा." तिने हळूच वाटी काढून घेतली. मी पुन्हा जुडगा हलवला. बाळाने मान वळवली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. सुनंदा घाबरून पाणी घेऊन आली. पाणी प्यायलो आणि तिला सगळं सांगितलं. मशीनमध्ये फॉल्ट नव्हता. पदर तुटला होता, मला दुपार वाया घालवायची नव्हती, दोन इंचांची तार मी लावली. आठ मी छापले, कंप्यूटरने नाही.

तिने बाळाला उचलून कडेवर घेतलं. मला वाटलं, आता जा म्हणेल. तिने विचारलं, "तसली तार आणिक कुटं कुटं लावलीया?"

"कुठं धोका नाही तशी. दवाखान्यातल्या काढल्या."

"तुमास्नी काय ठावं?" ती म्हणाली. "त्या टायमाला बी तुमास्नी ठावं न्हवतं."

घरी जाऊन मी जुन्या कॉलच्या डायऱ्या काढल्या. माझ्या हिशेबी काढायच्या राहिलेल्या अशा अडतीस तारा निघाल्या. पुढचं वर्षभर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी त्या काढत फिरलो. चिकपेटेतला एक साडीवाला वैतागून म्हणाला, "चालतंय ते बिघडवायला का येताय?" एका वजनकाट्यावर आकडे खरंच गळत होते आणि तिथे माल चोरल्याचा आळ येऊन दोन हमालांची नोकरी त्यापायी गेली होती. ते हमाल मला सापडले नाहीत. काढलेल्या तारा मी एका डब्यात टाकत गेलो. तो डबा अजून माझ्याकडे आहे. बायको दर दिवाळीला आवराआवरीत तो टाकून देऊ का म्हणून विचारते.

त्यात सदतीस तुकडे आहेत. अडतिसावा यशवंतपूरच्या एका छोट्या लॅबमधला, डायरी उघडेपर्यंत मी ती विसरलोच होतो. मी पोचलो तेव्हा लॅब बंद झालेली होती. शेजारचा पानवाला म्हणाला, कंप्यूटर, प्रिंटर, तारा, सगळं एका डॉक्टरने उचलून नेलं, तुमकूरकडचा कुणीतरी, नाव माहीत नाही. मी तुमकूरला चार वेळा गेलो. जो दवाखाना दिसेल त्यात शिरून प्रिंटरची पाठ बघायचो, लोक मला वेडा समजायचे.

आता कोण सीरियलची तार वापरतं? ती पंचवीस पिनांची तोंडंही नवीन मुलांनी पाहिलेली नाहीत. तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेला असेल ना, असं मी विचारतो. हो, गेला असणार, असं उत्तर येतं. विचारणाराही मीच असतो आणि हो म्हणणाराही मीच.